लुझोलो पातं वाजवून घ्यायची

लुझोलो लग्न होऊन किंताम्बोच्या आमच्या गल्लीत आली तेव्हा तिच्या नवऱ्याला, मावुंगूला, गिटारी करता येत नव्हत्या. तो दारं करायचा, खाटा करायचा, कुणी गेलं तर पेटी करून द्यायचा. माझं शिलाईचं दुकान त्याच्या बरोबर समोर. मधे गटार, गटारावर एक फळी, आणि त्या फळीवरून माझं सारखं येणंजाणं. कधी मिठासाठी, कधी विस्तवासाठी, कधी नुसतंच बसायला. त्यामुळे मी सांगतेय त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मावुंगू अबोल माणूस. गिऱ्हाइकानं विचारलं, "खाट कधी?" तर म्हणायचा, "गुरुवारी." आणि द्यायचा रविवारी. मधल्या दिवसांत शिव्या खायच्या, पण कारण सांगायचं नाही. लुझोलो याच्या अगदी उलट. ती चर्चच्या गायनमंडळात गायची, पोंडूचा पाला कांडताना गायची, भांडताना मधेच थांबून गायची. तिचा कान फार तिखट होता. एकदा ती फळीच्या पलीकडूनच ओरडली, "ओदेतताई, तुमच्या मशीनला तेल द्या. पायटा रडतोय." मी म्हटलं, "अगं, मी पायाशी बसलेय, मला नाही ऐकू येत ते." "तुम्हाला गिऱ्हाइकाच्या चुगल्या ऐकू येतात, तेवढं पुरे." मी तेल दिलं. दोन दिवसांनी कळलं, खरोखरच पायट्याचा खिळा घासत होता.

गिटारींचं सुरू झालं ते तिच्यामुळे. गायनमंडळाची एक जुनी गिटार होती. लुझोलो म्हणायची, ही खाली खरं बोलते आणि वर गेली की खोटं बोलते. म्हणजे बोटं दांडीवर खालच्या पडद्यांवर असली की सूर बरोबर, आणि वरच्या पडद्यांवर गेली की उतरलेला. बाकीच्यांना कळत नव्हतं. तिला मात्र दर रविवारी ते सोसायला लागायचं. शेवटी तिनं ती गिटार घरी आणली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

मावुंगूनं मोजपट्टी घेऊन मापं काढली. पितळेचे पडदे ज्या खाचांत बसवतात त्या खाचा हातकरवतीनं कापलेल्या होत्या, रुंद आणि वाकड्या. पडदे आत सैल बसले होते आणि फटीत भुसा आणि गोंद भरलेला होता.

"हे मी करेन," तो म्हणाला.

"तू खाटा कर."

"करेन म्हणतोय ना."

पडदे बसवायची पहिली पट्टी त्यानं केली ती वेंगेची. आपल्याकडचं काळं लाकूड, टणक, पण तंतू असे की जरा चुकीचा दात लागला की ढलप्या उडतात. मावुंगूच्या टेबलावरच्या गोल करवतीला दारांच्या फळ्या उभ्या चिरायचं पातं होतं: जाड, दात मोजके आणि मोठे. त्यानं खाच पाडली आणि पट्टीची कडा कुणी कुरतडल्यासारखी झाली. वर खाच एवढी रुंद की पडदा तिच्यात पडला आणि पट्टी उलटी केल्यावर खाली आला. त्यानं तीच पट्टी लुझोलोला दाखवली.

"हे पातं आहे की नांगर?" ती म्हणाली.

मग दोघं मोठ्या बाजारात गेले. तिथे एकोफो म्हणून एक जण जहाजानं आलेली वापरलेली हत्यारं विकायचा. टोपल्यात पाती उभी लावून ठेवलेली, ताटांसारखी. मावुंगूला काय हवं ते त्याला ठाऊक होतं. अंग पातळ हवं, कारण जेवढं अंग जाड तेवढी खाच रुंद. दात बारीक आणि दाट हवेत, म्हणजे एकेक दात लाकडाचा थोडाथोडाच घास घेईल, ओढून फाडणार नाही. आणि दात दोन्ही बाजूंना फार फाकलेले नकोत. तसली दोन-चार पाती निघाली. पण पातळ पात्याची एक खोड असते. ते जरासं वाकलेलं असलं, किंवा मधल्या भोकापासून केसाएवढा तडा गेलेला असला, तर डोळ्यांना दिसत नाही आणि यंत्रावर चढवलं की डगमगतं. तडा असला तर माणसाच्या अंगावरही येतं.

लुझोलोनं त्यातलं एक घेतलं, मधल्या भोकात बोट घालून लोंबतं धरलं आणि नखानं टिचकी मारली. ऐकलं. बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं.

एकोफो म्हणाला, "वहिनी, पातं घ्यायचंय की चर्चची घंटा?"

"तुझ्याकडे घंटा असती तर तीही फुटकीच असती. हे बघ, हे मुकं आहे. यात तडा आहे."

"नवंकोरं आहे हो."

"नवंकोरं मुकं आहे."

तिसरं की चौथं पातं वाजलं. तिनं ते परत वाजवलं, डोळे मिटून, आणि नवऱ्याच्या हातात दिलं. मावुंगूनं दातांवरून अंगठा फिरवला, मान डोलावली. एकोफोनं आजूबाजूच्या दुकानदारांना सांगून टाकलं, की किंताम्बोची एक बाई आलीय, ती पाती गाऊन दाखवते. त्यानंतर ती बाजारात गेली की लोक तिला हाका मारायचे, "ए घंटावाल्या वहिनी." तिला ते आवडायचं.

ते पातं मावुंगूनं दोन्ही बाजूंना जाड चकत्या लावून बसवलं, म्हणजे फिरताना हलू नये, आणि टेबलाच्या वर नखाएवढंच काढलं. वेंगेची पट्टी हळू पुढे ढकलली. खाच अशी पडली, जशी ब्लेडनं कागदावर ओढलेली रेघ. पडदा हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठोकून बसवला तो बसला, गोंदाचा थेंब लागला नाही. त्या गिटारीला तारा लावल्या तेव्हा लुझोलोनं एकेक पडदा दाबून पाहिला, खालपासून वरपर्यंत, आणि मग नवऱ्याकडे नुसतं बघत राहिली. मावुंगू लाजला. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा लाजताना पाहिलं.

पुढची वर्षं चांगली गेली. लोक लेंबाहून, बांदालहून गिटारी करून घ्यायला यायचे. बोसेम्बो नावाचा एक वादक होता, लांब बोटांचा, कायम उशिरा येणारा, तो तर दुकानातच पडलेला असायचा. प्रत्येक गिटार बाहेर जाण्याआधी लुझोलोच्या कानाखालून जायची. तिनं मान हलवली नाही तर मावुंगू पट्टी उखडून नवी करायचा. त्याच वर्षांत त्यांना मुलगी झाली, किएसे.

किएसे दोन वर्षांची असताना लुझोलोला खोकला लागला.

गोळ्या सुरू झाल्या. सगळ्यांना लागू पडतात त्या गोळ्या तिला लागू पडल्या नाहीत. ती सुकत गेली. तिची पोलकी मी तीनदा आत घेतली. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं दोघांना बसवून सांगितलं, की हा क्षय साध्या गोळ्यांना दाद देत नाही, रोज सुई घ्यावी लागेल, कित्येक महिने. ती बाई तरुण होती. तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, या औषधानं काहींचे कान जातात. सगळ्यांचे नाही. पण गेले तर परत येत नाहीत.

मावुंगूनं विचारलं, "दुसरं औषध?"

"आमच्याकडे सध्या हेच आहे."

लुझोलो घरी आली आणि सरळ माझ्याकडे येऊन बसली, दारापासून लांब, तोंडावर फडकं बांधून. म्हणाली, "ताई, किएसेला बहिरी आई चालेल. मेलेली चालणार नाही." आणि मग म्हणाली, "माझे नाही जायचे. माझे कान दणकट आहेत."

मुलीला लागण होऊ नये म्हणून किएसेला मातादी बंदराला आजीकडे पाठवलं. बसमध्ये चढवताना पोर खिदळत होती. तिला वाटलं सगळेच येणार.

रोज सकाळी लुझोलो सुई घ्यायला जायची. संध्याकाळी मातादीला फोन. पण पोर फोनवर बोलायची नाही. आजी म्हणायची, "बोल ना, आई आहे." इकडे लुझोलो फोन कानाला दाबून बसलेली. तिकडून नुसता श्वास. "मान हलवतेय बघ, हो म्हणतेय," आजी सांगायची. लुझोलो म्हणायची, "मान हललेली ऐकू येत नाही हो आई." आजीकडून कळायचं, की पोर आता पूर्ण वाक्यं बोलते, बकरीला शिव्या देते, नदीवरच्या जहाजांना नावं ठेवते. फोन दिला की गप्प.

मग खोकला कमी झाला. भूक लागायला लागली. लुझोलो परत दुकानात येऊन बसायला लागली. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

एका दुपारी मी बटणं लावत होते. समोर वीज गेलेली, म्हणून मावुंगूनं पातं साफ करायला उतरवलं होतं. लाकडाचा चीक बसतो दातांवर, तो रॉकेलनं पुसायला. लुझोलोनं पुसलेलं पातं सवयीनं बोटावर अडकवलं आणि टिचकी मारली.

ते वाजलं. मी गटाराच्या अलीकडे होते, मला ऐकू आलं. स्वच्छ, लांब, नेहमीसारखं.

लुझोलोनं पुन्हा टिचकी मारली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मावुंगू, याला तडा गेलाय," ती म्हणाली. "मुकं झालंय. काढून टाक, कुणाचा तरी डोळा जायचा."

मावुंगूच्या हातात रॉकेलचं फडकं होतं. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. मी खाली बटणाकडे पाहिलं.

"होय," तो म्हणाला. "जुनं झालं."

आणि त्यानं ते पातं गोणपाटात गुंडाळून मागे ठेवलं.

बारीक, वरच्या सुरातले आवाज आधी जातात, हे मला नंतर कळलं. माणसाचं बोलणं, गाडीचा भोंगा, भांडी, हे सगळं तिला ऐकू येत होतं. म्हणून तिला पत्ता नव्हता. कानात शिट्टी वाजते एवढंच ती म्हणायची, आणि ते अशक्तपणामुळे असेल असं सगळेच म्हणायचो.

बोसेम्बोची गिटार अर्धी झाली होती. नवं पातं पाहिजे होतं. दोन दिवसांनी ते मोठ्या बाजारात निघाले. मला लिपुत्याचं, बायका नेसतात ते छापील कापड घ्यायचं होतं, मीही बरोबर गेले. खरं सांगायचं तर मावुंगूनं मला हळूच सांगितलं होतं, "तुम्ही चला." का ते त्यानं सांगितलं नाही.

एकोफोनं लांबूनच पाहिलं. "आल्या. घंटावाल्या वहिनी आल्या. पाती लपवा रे." दोघांची गळाभेट झाली. त्यानं तिच्यासाठी म्हणून बाजूला ठेवलेली पाती काढली, पातळ, बारीक दातांची. म्हणाला, "घ्या. यातलं एक जरी मुकं निघालं तर मी हा धंदा सोडतो आणि गायनमंडळात येतो."

"तू आलास तर मंडळ बंद पडेल," ती म्हणाली, आणि पहिलं पातं बोटावर घेतलं.

टिचकी मारली. मला ऐकू आलं. बाजूच्या दुकानातल्या पोरीनंही मान वळवली.

"मुकं," लुझोलो म्हणाली.

दुसरं. तेही वाजलं. "मुकं." तिसरं. "हे पण. एकोफो, हा कुठला कचरा आणलास? एक धड नाही यात."

एकोफोनं तोंड उघडलं. त्याच्या तोंडात काहीतरी तयार होतं. त्याच्या तोंडात नेहमीच काहीतरी तयार असायचं. मग त्याची नजर मावुंगूवर गेली. मावुंगूनं मान हलवली नाही, हात हलवला नाही. त्याचा चेहराच काय तो सांगत होता. एकोफोनं तोंड मिटलं. खाली बघून तो पाती नीट लावायला लागला, जी आधीच नीट लावलेली होती.

"काय झालं?" लुझोलो म्हणाली. "बोल ना."

"नाही वहिनी. बरोबर आहे तुमचं. माल खराब आलाय."

लुझोलोनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हातातल्या पात्याकडे. तिनं ते कानाजवळ धरलं, अगदी कानाला लावलं, आणि जोरात टिचकी मारली. पुन्हा मारली. नखाच्या बाजूला रक्त आलं तेव्हा मावुंगूनं तिचा हात धरला.

"आपलं घरचं पातं," ती म्हणाली. "ते वाजत होतं?"

"होय."

"मग काढलंस का?"

"तू म्हणालीस म्हणून."

ती भर बाजारात हत्यारांच्या टोपल्याशेजारी खाली बसली. रडली नाही. माणसं तिला वळसा घालून जात होती. एकोफोनं आपली छत्री आणून तिच्या डोक्यावर धरली आणि तो तसाच उभा राहिला, गिऱ्हाईक हाका मारत होतं तरी.

डॉक्टरीणबाईनं कान तपासले. सुया थांबवता येतील, पण मग आजार उलटेल, ती म्हणाली. आणि उलटला तर पुढे काय ते आपण सांगू शकत नाही, असंही म्हणाली. मावुंगू म्हणाला, थांबवू. लुझोलो म्हणाली, नाही. बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांचं भांडण झालं. मावुंगूला भांडता येत नव्हतं, तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, "तू गाशील कशी." आणि ती म्हणत होती, "मी जेवेन, झोपेन, पोरीला न्हाऊ घालेन. तेवढ्यात भागवायचं."

मात्र तिनं एक मागणी केली. आता तिच्यापासून लागण होणार नाही असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. तेव्हा किएसेला ताबडतोब आणायचं. "उरलंय तोवर मला तिचं बोलणं ऐकू दे."

मावुंगू त्याच दिवशी मातादीला निघाला. तिथे पोर तापानं फणफणलेली. मलेरिया. तिला हलवता येईना. तो तिथेच तिच्या उशाशी बसून राहिला आणि इकडे लुझोलो रोज सकाळी सुई घेत राहिली. ती मला म्हणायची, "ताई, बोला काहीतरी." मी बोलायचे. "आणखी हळू बोला. बघू दे किती उरलंय." मी आवाज उतरवायचे, आणि तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले असायचे. काही दिवसांनी मी हळू बोलल्याचं नाटक करायला लागले. मोठ्यानंच बोलायचे आणि चेहरा हळू ठेवायचे. तिला कळलं असणार.

किएसे आली तेव्हा बसमध्ये घसा फुटेस्तोवर बडबडत आली होती, असं मावुंगूनं सांगितलं. गल्लीत उतरली आणि आईला ओळखेना. आजीच्या नावानं रडायला लागली. लुझोलोनं तिला उचललं, तिचं तोंड आपल्या कानाशी घट्ट धरलं आणि ते रडणं ऐकत उभी राहिली. नंतर मला म्हणाली, "गोधडीच्या आतून आल्यासारखा येतो आवाज. पण येतो."

काही आठवडे तो आवाज आला. त्या दिवसांत ती पोरीला खाली ठेवायची नाही. कडेवर घेऊन फुफूचं पीठ घोटायची, कडेवर घेऊन चर्चला जायची. पोर कानात मातादीच्या बकरीच्या गोष्टी सांगायची. त्यातलं किती पोचायचं देव जाणे. मग एका सकाळी लुझोलो उठली आणि अंगणात येऊन उभी राहिली. समोर मावुंगूचं यंत्र चालू होतं, लाकूड कापत होतं, आणि ती त्याला विचारत होती, "आज वीज नाही का?"

आजार गेला. पूर्ण गेला. डॉक्टरीणबाईनं कागदावर तसं लिहून दिलं.

मावुंगूनं गोणपाटातलं जुनं पातं काढलं आणि बोसेम्बोची गिटार पुरी केली. बोसेम्बो आला, बसला, वाजवायला लागला. वरचे पडदे, खालचे पडदे. म्हणाला, "वहिनी, इतकी सुरात गिटार तुम्ही आजवर दिली नव्हती." तो लुझोलोकडे न बघता बोलला, म्हणून तिला ते कळलंच नाही. मी तिच्या खांद्याला हात लावून सांगितलं, ओठ मोठे करून. तिनं बोसेम्बोच्या मांडीवरच्या गिटारीवर तळवा ठेवला. तो वाजवत राहिला. चर्चमधलं, तिच्याच आवडीचं एक गाणं. थोड्या वेळानं तिनं हात काढून घेतला आणि लुगड्याला पुसला, जसं काही लागलंय.

"आत कुणीतरी ठोकतंय असं हाताला लागतं," ती म्हणाली. तिचा आवाज तेव्हाच बदलायला लागला होता, सपाट. "सूर आहे की नाही ते नाही कळत."

"आहे," मावुंगू म्हणाला.

"तू म्हणतोस म्हणून."

त्यानंतर मावुंगूनं गिटार केली नाही. लोक आले, बोसेम्बो स्वतः दोनतीनदा मित्रांना घेऊन आला. मावुंगू म्हणायचा, "तपासणार कोण?" बोसेम्बो म्हणाला, "मी तपासतो की. माझे कान काय विकलेत?" मावुंगू म्हणाला, "तुझे कान तुझ्यापुरते." आणि परत रंधा मारायला लागला.

आता तो कपाटं करतो. वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या फळ्यांची, गोम्बेच्या बाजूच्या मोठ्या घरांसाठी. त्यालाही काप नाजूकच लागतो. पापुद्रा आडवा कापताना जरा फाटला की फळी वाया. पाती अजून लुझोलोच निवडते. ती आता पातं काचेच्या तुकड्यावर आडवं ठेवते आणि खालून उजेड कुठे दिसतो ते बघते; उजेड दिसला तर पातं वाकलेलं. प्रत्येक दाताची धार नखावर लावून बघते. आडव्या कापाला दाट दातांचं, एक दात डावीकडे कललेला, एक उजवीकडे, सुरीच्या टोकांसारखे. उभं चिरायला मोजक्या दातांचं, कारण दाट दातांनी उभं चिरलं तर लाकूड जळतं. मुकं पातं तिच्या हातून अजून कधी दुकानात आलेलं नाही. तडा बघायला ती भोकाभोवती रॉकेलचं बोट फिरवते, पुसते, आणि वाट बघते. तडा असला तर त्यातून रॉकेलची बारीक रेघ परत वर येते.

एकोफो तिला पाती देतो आणि गप्प उभा राहतो. एकदा तिनं त्याला विचारलंच, "तू माझी थट्टा का करत नाहीस आता? मी मेले का?" तो गोंधळला. मग त्यानं ओठ फार ताणून, हातवारे करून काहीतरी म्हटलं. तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा कळलं, तेव्हा ती हसली, सगळे बघत होते म्हणून.

नवराबायको लाकडाच्या तुकड्यांवर पेन्सिलीनं लिहून बोलतात. मावुंगूला मापं लिहायची सवय, वाक्यांची नाही. सुरुवातीला तो लिहायचा: "जेवण?" "वीज गेली." मग हळूहळू जरा लांब. ते तुकडे संध्याकाळी चुलीत जातात. मी एकदा विस्तव न्यायला गेले तर चुलीशी एक तुकडा होता, त्यावर लिहिलं होतं, "आज तू थकलेली दिसतेस, पोंडू मी कांडतो." एवढं मोठं वाक्य मावुंगू तोंडानं त्याच्या जन्मात बोलला नसेल. मी तो तुकडा बाजूला ठेवायला गेले, तर लुझोलोनं उचलून विस्तवात टाकला. म्हणाली, "ताई, असे रोज येतात."

किएसे आता शाळेत जाते. तिचा गळा आईचा आहे. गल्लीतून येताना गाते, फळीवर पाय ठेवला की थांबते. मला आधी वाटलं दमते. मग लक्षात आलं, की आई नजरेस पडली की पोर तोंड मिटते. कुणी शिकवलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी दारात फ्रॉकची टीप काढत बसले होते. किएसे अंगणात भांडी घासत गात होती, पाठमोरी. लुझोलो पाण्याची बादली घेऊन मागून आली. पोरीला चाहूल लागली, तिनं मान वळवली आणि ओठ मिटले. पण ते मिटताना लुझोलोनं पाहिलं.

तिनं बादली खाली ठेवली. "तू गात होतीस."

पोरीनं मान हलवली, नाही.

"खोटं बोलू नकोस. माझ्यासमोर का थांबलीस? किती दिवस झाले थांबतेस?"

पोर रडायला लागली. म्हणाली, "तुला वाईट वाटतं म्हणून." लुझोलोला ते कळलं, पोरीचे ओठ तिला सगळ्यात आधी वाचता यायला लागले होते.

लुझोलो भांड्यांच्या ढिगात गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी पोरीचा चेहरा धरला. "गा," ती म्हणाली. पोर हुंदके देत होती. "गा म्हणते ना. माझ्याकडे बघून."

किएसे गायली. आवाज फुटत होता, मधेच नाक ओढत होती, शब्द चुकत होते. लुझोलो तिच्या तोंडाकडे बघत राहिली, गळ्याच्या शिरेकडे, छाती वरखाली होत होती तिकडे. गाणं संपलं तरी तिला ते संपल्याचं लगेच कळलं नाही. पोर थांबली होती आणि ती अजून बघतच होती.

दुकानात मावुंगूनं यंत्र केव्हाच बंद केलं होतं. तो दारात उभा होता, हाताला भुसा. मग तो आत गेला आणि दाराची फळी ओढून घेतली, अजून उजेड होता तरी.

मी टीप काढायची सोडून दिली. दुसऱ्या दिवशी ज्या बाईला फ्रॉक द्यायचा होता तिला मी म्हटलं, जमलं नाही, उद्या या. तिनं कारण विचारलं. मी सांगितलं नाही.